समुद्राकाठच्या घरातील कोरडे कपाट : चार पावसाळ्यांनंतरचे मत

२०१९ सालच्या कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला आणि दशावताराचे फोटो काढण्यासाठी मी चार महिने पिशवीत पडून असलेला कॅमेरा बाहेर काढला. ५० मिलिमीटरची लेन्स दिव्यासमोर धरली, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, फांद्या फुटलेले तंतू दिसले. ती बुरशी होती. कोल्हापूरच्या एका जाणत्या कारागिराने लेन्स उघडून ती साफ करून दिली, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचे लेपन तोवर खाल्ले होते. तेव्हापासून त्या लेन्सने दिव्यांकडे तोंड करून काढलेल्या प्रत्येक फोटोवर धुक्याचा पातळ पडदा येतो.

मी मालवणजवळच्या एका वाडीत राहतो आणि घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ओढ मला शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे घरात दोन कॅमेरे, पाच लेन्स, हेडफोन, इअरबड, हार्ड डिस्क, ध्वनिमुद्रक आणि वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर असा बराच पसारा आहे. या सगळ्याला खाऱ्या वाऱ्यापासून आणि पावसाळ्यातल्या ओलाव्यापासून वाचवणारी वस्तू म्हणजे ड्राय कॅबिनेट, अर्थात आतली हवा आपोआप कोरडी ठेवणारे विजेवरचे कपाट. एप्रिल २०२२ मध्ये घेतलेल्या ५० लिटरच्या कपाटाचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक कपाटांचे तंत्र सारखेच असते आणि खरेदी करणाऱ्याने नावापेक्षा ते तंत्र पाहून निवड करावी, असे माझे मत झाले आहे.

हे तंत्र दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक मला पहिल्या खरेदीत चूक झाल्यावर कळला. २०२० मध्ये मी पेल्टिअर पद्धतीचे २० लिटरचे छोटे कपाट घेतले होते. त्यात एक पट्टी विजेने थंड होते, आतल्या हवेतील बाष्प त्या पट्टीवर दवासारखे जमते आणि ते पाणी वातीतून मागच्या बाजूला जाऊन बाहेरच्या हवेत उडून जाते. वीज असेपर्यंत हे काम सुरळीत चालते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, माड आणि विजेचे खांब मिळून कोसळले आणि आमच्या वाडीत त्यानंतर आठ दिवस वीज आली नाही. वीज गेली की पेल्टिअरची पट्टी गरम होते आणि तिच्यावर जमलेले पाणी बाहेर जाण्याऐवजी पुन्हा आतल्याच हवेत मिसळते. तिसऱ्या दिवशी मी दार उघडले, तेव्हा कपाटातून कुबट वास आला आणि आतला मापक ८१ टक्के आर्द्रता दाखवत होता. जिथे वादळ नसतानाही पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, तिथे हे तंत्र उपयोगाचे नाही.

आताच्या कपाटात मागच्या बाजूला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची एक डबी आहे. एरवी तिची आतली झडप उघडी असते आणि दाणे कपाटातले बाष्प ओढून घेतात. काही तासांनी डबीतला छोटा हीटर सुरू होतो. त्या उष्णतेने निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची स्प्रिंग आपला मूळ आकार घेते, आतली झडप मिटते, बाहेरची उघडते आणि दाण्यांनी साठवलेला ओलावा घराबाहेरच्या नव्हे, पण कपाटाबाहेरच्या हवेत निघून जातो. डबी थंड झाली की झडपा पुन्हा पहिल्या जागी येतात. रात्री सामसूम असताना त्यांचा ‘टक्’ असा बारीक आवाज ऐकू येतो आणि कपाट काम करत असल्याची तीच खूण आहे. वीज गेली तरी दाणे ओलावा शोषत राहतात. २०२३ च्या जुलैमध्ये सलग २२ तास वीज नव्हती, त्या वेळी आतली आर्द्रता ४४ वरून ५१ पर्यंतच वाढली. माझ्या दृष्टीने या वस्तूचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

मात्र कपाटाच्या दारावर दिसणाऱ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो तपासण्याची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे, ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी त्यात घालावे, आणि ते झाकण व एक सुटा आर्द्रतामापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर शेजारी ठेवावेत. ओल्या मिठाच्या वरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, त्यामुळे सकाळी मापक जो आकडा दाखवील, त्यावरून त्याची चूक कळते. माझा सुटा मापक ७४ दाखवत होता, म्हणजे चांगला होता. तोच कपाटात ठेवला, तेव्हा कपाटाचा स्वतःचा मापक सहाने कमी आकडा दाखवतो असे आढळले. म्हणजे मी ४५ वर निर्धास्त होतो, तेव्हा आत खरे तर ५१ होते. बुरशीला साधारण ६५ च्या पुढची हवा मानवते, त्यामुळे यात धोका नव्हता, पण चूक याहून मोठी असती तर मला ती कधीच कळली नसती.

मी हा प्रयोग मांडत असताना आई आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान डब्यांत भरत होती. झाकणातल्या मिठाकडे पाहून ती म्हणाली, “मिठाक पाणी सुटला की समज, पावस जवळ इलो.” तिने आयुष्यभर पाहिलेली गोष्ट आणि मापकाचा आकडा यांमागे एकच कारण आहे. हवेतील आर्द्रता ७५ च्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. खारा वारा आपल्या प्रत्येक वस्तूवर मिठाचा न दिसणारा थर बसवत असतो. उन्हाळ्यात तो बराचसा निरुपद्रवी राहतो, पण मृगाच्या सुमारास त्याला पाणी सुटते आणि चार्जिंगच्या पिनांवर, बॅटरीच्या पत्र्यांवर, स्विचच्या आत विजेला वाट करून देणारे खारे पाणी तयार होते. आमच्याकडे उपकरणे बंद पडतात ती मुख्यतः यामुळे. त्यातही समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असते, जे ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाही पाणी ओढते. म्हणून ४५ टक्क्यांच्या कपाटात ठेवलेली खारट वस्तू पूर्णपणे कोरडी होत नाही. कपाटाची ही मर्यादा माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही, आणि किनाऱ्यावरच्या ग्राहकाला तर तीच सर्वांत आधी सांगायला हवी.

मला ती इअरबडमुळे समजली. चिवल्याच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी चालताना वापरलेले इअरबड मी घरी आल्याबरोबर कपाटात ठेवत असे आणि तरीही दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या बाजूचा चार्ज होईना. भिंगाखाली पाहिले, तर दोन सोनेरी ठिपक्यांपैकी एकाच्या कडेवर मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा हिरवा कण बसलेला होता. सोन्याच्या पातळ मुलाम्याला जिथे चरा पडला होता, तिथून घाम आणि मीठ आतल्या तांब्यापर्यंत पोहोचले होते. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसला, पण आठवड्याभरात तो परत आला, कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. आता क्रम बदलला आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळते ते डिस्टिल्ड वॉटर कापडाला जेमतेम लावून आधी मीठ पुसायचे, मग अल्कोहोलने उरलेले पाणी काढायचे, दहा मिनिटे पंख्याखाली ठेवायचे आणि त्यानंतरच वस्तू कपाटात ठेवायची. फोनवर किंवा स्पीकरवर ‘आयपी ६८’, म्हणजे आत धूळ-पाणी जात नसल्याची खूण, लिहिलेले असले तरी हे करावे, कारण त्यासाठीची चाचणी गोड्या पाण्यात होते आणि समुद्राच्या पाण्याबद्दल ती काहीही सांगत नाही.

२०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला आणि माझ्या पडवीतला मापक त्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत क्वचितच ८५ च्या खाली उतरला. त्या काळात कपाटाच्या आतला खरा आकडा ४६ ते ५३ च्या दरम्यान राहिला. रोज दोनदा दार उघडले तर तो पूर्ववत व्हायला दीड-दोन तास लागतात. विजेचा खर्च नगण्य आहे. सॉकेटवर लावायच्या मीटरने मोजले असता महिन्याला तीन युनिटही भरली नाहीत.

दोषही सांगायला हवेत. दाराच्या बिजागरीचे स्क्रू दुसऱ्याच पावसाळ्यात गंजले आणि तांबडे पाणी खालच्या कप्प्यापर्यंत ओघळले. ओलाव्यापासून रक्षण करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत साधे लोखंडी स्क्रू असावेत, याचा मला मनापासून राग आला. बंदराजवळच्या होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मिळाले, ते लावल्यापासून गंज नाही. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात वीज कडाडली आणि अ‍ॅडॅप्टर जळाला. त्यात कंपनीचा दोष नाही. आमचे घर जांभ्याच्या कातळावर आहे आणि अशा जमिनीत अर्थिंगचा खड्डा ओला ठेवला नाही तर अर्थिंग नावालाच उरते. कंपनीचा दोष पुढे होता. नवा अ‍ॅडॅप्टर पाठवायला तिने पाच आठवडे लावले आणि मधल्या काळात साध्या १२ व्होल्टचा दुसरा चालेल का, या प्रश्नाला एकदाही उत्तर दिले नाही. मी स्वतः व्होल्टेज आणि अँपिअर जुळवून बाजारातला लावला, तो आजही चालू आहे. दाराच्या रबरी पट्टीला मात्र चार वर्षांत चीर गेलेली नाही. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे आणि ओढून पाहावा, तो सहज सुटला तर पट्टी सैल झाली असे समजावे. माझ्या कपाटाच्या चारही बाजूंना कपटा अजून घट्ट धरला जातो.

ज्यांच्याकडे एकच कॅमेरा आहे आणि तो पावसाळाभर बाहेर निघत नाही, त्यांनी अकरा हजार रुपये खर्च करण्याची गरज नाही. रबरी कडेचा घट्ट डबा आणि २५० ग्रॅम सिलिका जेल पुरते. रंग बदलणारे जेल घेताना निळे टाळून नारिंगी घ्यावे, कारण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराईड असते आणि ते आरोग्याला घातक आहे. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. भिजलेला फोन तांदळात पुरण्याची सवय मात्र सोडावी. पावसाळ्यात घरातला तांदूळ स्वतःच ओलसर असतो आणि त्याची पिठूळ धूळ चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. रोज वापरातला फोन किंवा लॅपटॉप कपाटात ठेवून काही साधत नाही, कारण चालू उपकरणाची स्वतःची ऊबच त्याला बऱ्यापैकी कोरडे ठेवते. उलट कपाटाची खरी गरज असते ती महिनोन् महिने न वापरलेल्या वस्तूंना. त्या ठेवताना सेल आणि बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवाव्यात, आणि लिथियम बॅटरी अर्धी भरलेली असावी.

घ्यायचेच असेल तर आज लागते त्याच्या दुप्पट मापाचे घ्यावे. मी ५० लिटरचे घेतले तेव्हा एक कप्पा रिकामा होता. आता त्यात वडिलांचा ट्रान्झिस्टर आहे, शेजारच्या काकांचे कानाचे यंत्र रात्रीपुरते येते, वाडीतल्या दशावतारी मंडळाचे दोन कॉर्डलेस माइक जत्रांचा हंगाम संपला की माझ्याकडे मुक्कामाला असतात, आणि माझी ती डाग पडलेली ५० मिलिमीटरची लेन्स सर्वांत वरच्या कप्प्यात आहे. काचेवरचे लेपन गेले ते गेले, पण बुरशी पुन्हा आलेली नाही.