व्हिएन्ना लागर की मेर्झन?

दोन्ही अंबर लागरच, म्हणजे बिअरचेच प्रकार, रंगही सारखाच तांबूस, पण जेवायला बसलं की फरक लगेच कळतो. व्हिएन्ना म्हणजे ऑस्ट्रियातल्या आंतोन ड्रेहर या बिअर बनवणाऱ्याने 1841 मध्ये काढलेली, पुढे मेक्सिकोत रुजलेली, डोस एक्विस अंबर हा तिथला ब्रँड त्यातलाच. चवीला टोस्टसारखी खरपूस, गोडवा बेताचा आणि शेवट कोरडा, त्यामुळे ताको अल पास्तोर या मेक्सिकन पोळीतलं तिखट तेलकट पोर्क, वर अननसाची फोड, असा घास खाऊन एक घोट घेतला की तोंड साफ, पुढच्या घासाला मोकळे.

मेर्झन म्युनिकची, अंगाने जड, अल्कोहोल साधारण 6 टक्के, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरपूर. भाजलेल्या कोंबडीची कुरकुरीत कातडी किंवा खारट प्रेत्झेल (पीळ दिलेला जर्मन पाव) असेल तर एक नंबर! माशाबरोबर नको बाबा, मासा गायबच होतो. मी तरी जेवणासोबत व्हिएन्नाच घेईन.