जिप्सीच्या हीटरचं काम नीट करून देणारं कुर्ल्यातलं गॅरेज

माझी जिप्सी १९९४ ची, ९७० सीसीचं मूळ इंजिन पार थकलं होतं म्हणून गेल्या वर्षी जिप्सी किंगचं १२९८ सीसी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवालं) इंजिन टाकून घेतलं. ज्यांनी टाकलं त्यांचं नाव घेत नाही, इंजिन उत्तम बसवलं, आरसीवर नोंदही झाली, पण हीटरचे होज (इंजिनचं गरम पाणी हीटरकडे नेणारे-आणणारे रबरी पाईप) काढून इंजिनाकडच्या तोंडांना बुचं मारून दिली. म्हणे मुंबईत हीटर कोणाला लागतो. अहो पण माझ्या गाडीला एसी नाही! जुलैत माळशेज घाटात बाहेर धुकं, आत चार माणसांचा श्वास, काच आतून पांढरी, बायको सारखी फडक्याने पुसतेय आणि बाजूला दरी. मला हीटर काचेसाठी हवा होता, थंडीसाठी नाही.

मग एका मित्राने सीएसटी रोडच्या गल्लीतलं हे गॅरेज सांगितलं. पाटी नाही, सगळे नुसतं मामांचं गॅरेज म्हणतात. मामांनी बुचं बघितली आणि आधी मलाच समजावत बसले. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) बंद, रेडिएटरकडे पाणी जात नाही, पण पंप फिरतच असतो, तेव्हा बऱ्याच इंजिनांत हीटरच्या वाटेनेही पाणी फिरतं, ती वाट तुंबवली तर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) एखाद्या जागी पाणी नुसतं उभं राहून तापू शकतं आणि हे हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला जास्त तापणं सोसत नाही. "भाऊ, हीटर नकोच असेल तर दोन्ही तोंडं एका होजने जोडा, पण बूच नको."

जुनी हीटरची कॉइल (गरम पाणी जिच्यातून फिरतं ती जाळी) काढून उलट्या बाजूने पाणी मारलं तर चहासारखा गंज निघाला, मग हवा भरून टबात बुडवून लीक बघितला. कॉइल शाबूत होती. मी स्वस्तातला साधा रबरी पाईप आणलेला, तो सरळ परत दिला, ईपीडीएमचाच (उष्णता आणि कुलंट सोसणाऱ्या रबराचा) होज हवा म्हणाले, आणि वळणावर तयार बेंडचा, नाहीतर तिथे तो चिमटतो. गरम पाणी हेडकडून थर्मोस्टॅटच्या आधी घेतलं, परतीचं पंपाच्या ओढीच्या बाजूला. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट म्हणजे रबरी कडं, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून होज लांब बांधले.

सगळ्यात जास्त आवडलं ते पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा काढणं. पुढची चाकं फळ्यांवर चढवली, हीटरचा नॉब फुल गरमवर, गार इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाऊण तास तिथून हलले नाहीत. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, नळाचं पाणी गाडीजवळ आणू दिलं नाही.

सगळं मिळून ४२०० रुपये. दोन दिवस सांगून पाच लावले हे मला पटलं नाही, फोनही उचलत नाहीत, पार्किंग तर विसराच, आणि हीटरच्या नॉबपासून त्याच्या वॉल्व्हकडे जाणारी केबल अजून जड फिरते. तरी साडेचार स्टार.

परवा भर पावसात परत माळशेजला गेलो, फॅन दोनवर ठेवला, पाचेक मिनिटांत काच साफ, बायकोने फडकं हातात घेतलंच नाही. येताना टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून एकेक क्लॅम्प बोटाने चाचपला, सगळे कोरडे.