घरच्या सर्व्हरवर पॉडकास्ट: ऑडिओबुकशेल्फ की अँटेनापॉड आणि ओपॉडसिंकची जोडी?

गूगल पॉडकास्ट्स २०२४ च्या जूनमध्ये आपल्याकडे बंद झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी ओपीएमएल फाइल (लावलेल्या शोंची यादी) काढून घेतली आणि मग ती तशीच डाउनलोड्समध्ये पडून राहिली. त्यातलेच काही जण आता विचारतात की घरी रास्पबेरी पाय (सर्व्हर म्हणून चालणारा छोटा संगणक) चालूच आहे, फोटो वगैरे त्यावर आहेतच, मग पॉडकास्टचं पण तिथेच काहीतरी बसवू का. शोधलं की दोन नावं फिरून फिरून समोर येतात. एक ऑडिओबुकशेल्फ, आणि दुसरी जोडी, म्हणजे फोनवर अँटेनापॉड आणि सर्व्हरवर ओपॉडसिंक. मी दोन्ही बऱ्यापैकी वापरलंय आणि आता पॉडकास्टसाठी एकच ठेवलंय. डॉकर कसं टाकायचं, पोर्ट कुठला, हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण या दोघांची तुलना करताना लोक इथेच गोंधळतात. ऑडिओबुकशेल्फमध्ये सर्व्हरच सगळं करतो, तोच फीड (शोच्या एपिसोडची इंटरनेटवरची यादी) बघतो, तोच एपिसोड उतरवतो, डिस्कवर ठेवतो आणि तिथून तुम्हाला ऐकवतो. ओपॉडसिंक ऑडिओला हातच लावत नाही. पीएचपी आणि एसक्यूलाइटवर (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) चालणारं छोटंसं प्रकरण आहे ते, तुम्ही कुठले शो लावलेत आणि कुठला एपिसोड कितव्या सेकंदाला थांबवलात एवढंच लिहून ठेवतं. जीपॉडर डॉट नेट या पॉडकास्ट सिंक करणाऱ्या सेवेची जी एपीआय (अ‍ॅपने सर्व्हरशी बोलायची भाषा) आहे तीच बोलतं, त्यामुळे अँटेनापॉड, लिनक्सवाल्या केडीईचं कास्ट्स, डेस्कटॉपवरचं जीपॉडर, सगळे त्याच्याशी जुळतात. ऐकायचं काम फोनचं, आठवण ठेवायचं काम सर्व्हरचं.

ऑडिओबुकशेल्फ दिसायला फार देखणं आहे, खोटं कशाला बोलू. कव्हर्सची भिंत लागते, घरातल्या प्रत्येकाला वेगळं लॉगिन, ज्याची त्याची प्रगती वेगळी, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये अर्धं ऐकून उरलेलं फोनवर पुढे चालू करता येतं. आणि जुनं जपायचं असेल तर याला तोड नाही. कित्येक फीड्स फक्त अलीकडचे एपिसोड दाखवतात, मागचे हळूहळू गळून जातात, कधी शोच बंद पडतो आणि होस्टिंगचे पैसे कुणी भरत नाही म्हणून सगळं गायब होतं. तुमच्या डिस्कवर फाइल असेल तर ती तुमचीच. जागा मात्र खातं. १२८ केबीपीएसचा तासाभराचा एपिसोड साधारण ५७-५८ एमबी होतो, म्हणजे रोज एक धरला तर वर्षाला २१ जीबी, आणि किती एपिसोड ठेवायचे त्याची मर्यादा प्रत्येक शोला आपण घालायची, नाही घातली तर साठतच जातं.

आता मला जे खटकलं ते.

मी ऐकतो ते मुख्यतः प्रवासात, पुणे-मुंबई ट्रेनमध्ये, आणि कर्जत-लोणावळ्यामधला घाट लागला की एकामागून एक बोगदे, नेटवर्क नुसतं येऊन जाऊन असतं, त्यामुळे एपिसोड आधीच फोनमध्ये उतरलेला हवा, एवढीच माझी अपेक्षा. ऑडिओबुकशेल्फमध्ये रात्री सर्व्हर बरोबर नवीन एपिसोड उतरवून ठेवायचा, पण घरी, कपाटावरच्या डिस्कवर. तिथून फोनमध्ये घ्यायचं तर अ‍ॅप उघडा, शो उघडा, एपिसोड शोधा, डाउनलोडचं बटण दाबा, मग पुढचा शो, परत तेच. नवीन आलेलं आपोआप फोनमध्ये घे, असं सांगायची सोय मी वापरत होतो तेव्हा तरी मला त्या अ‍ॅपमध्ये सापडली नाही. म्हणजे एकच फाइल दोनदा डाउनलोड होते, एकदा इंटरनेटवरून घरी आणि एकदा घरून फोनमध्ये, आणि यातली दुसरी फेरी माझ्याच अंगठ्यावर. सकाळी साडेपाचला स्टेशनवर चहा घेताना आठवायचं की अरे, काल बटण दाबायचं राहिलं. शिवाय सर्व्हरवर न उतरवता नुसतं फीडमधून थेट ऐकायचं म्हटलं तरी नाही, आधी सर्व्हरने घ्यायचं, मग आपण. एखाद्या नवीन शोचे पहिले पाच मिनिटं ऐकून बघू, आवडला तर ठेवू, अशी माझी सवय, त्याला हे फारच सोपस्कारी वाटतं.

यात ऑडिओबुकशेल्फचा दोष आहे असंही नाही म्हणता येणार, ते मुळात ऑडिओबुकसाठी बनलेलं आहे. पुस्तक एकदा फोनमध्ये घेतलं की महिनाभर पुरतं. पॉडकास्ट रोजचं दूध आहे, ते दाराशी यायला हवं.

अँटेनापॉडमध्ये हे सगळं सेटिंगमध्ये एकदाच सांगून टाकायचं. कुठल्या शोचं आपोआप उतरवायचं, वाय-फायवरच की डेटावर पण, किती एपिसोड साठले की थांबायचं, ऐकून झालेलं पुसायचं की ठेवायचं. रात्री फोन चार्जिंगला लावला की सकाळी रांग तयार. प्रत्येक शोला वेगळा वेग ठेवता येतो, सुरुवातीचे ठराविक सेकंद गाळता येतात, ज्या शोची सुरुवातीची धून सारखी सारखी ऐकून वीट आलाय त्याला हे फार कामाचं. आणि सर्व्हर बंद असला तरी याचं काही अडत नाही, तुम्ही काय ऐकलं ते फोन लिहून ठेवतो आणि सर्व्हर पुन्हा सापडला की पाठवून देतो.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे जरा जास्तच महत्त्वाचा. लाइट जाते, इन्व्हर्टरवर राउटर असतो पण पुढच्या चौकातला ब्रॉडबँडवाल्याचा स्विच बंद पडलेला असतो, बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) असल्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत यायचं तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन लावावं लागतं आणि फोनवर ते चालू करायला आपण विसरतो. ओपॉडसिंकला याची फिकीर नाही, संध्याकाळी घरच्या वाय-फायवर आलात की सिंक झालंच. ऑडिओबुकशेल्फमध्ये उतरवलेले एपिसोड वाजतात, ते ठीक, पण बाकी सगळ्यासाठी घर गाठायलाच लागतं. त्यात एक बारीक गंमत अशी की एखादं फीड साधारण चोवीस वेळा लागोपाठ मिळालं नाही तर ऑडिओबुकशेल्फ त्या शोचं ऑटो डाउनलोड स्वतःच बंद करून टाकतं. तासातासाला तपासायचं वेळापत्रक लावलं असेल आणि नेट दिवसभर गेलं, तर हिशोब तुम्हीच करा. ती मर्यादा बदलता येते, पण हे आहे हे आधी माहीत तर पाहिजे. वेळापत्रक सहा तासांचं ठेवलं तरी पुरतं, पॉडकास्ट म्हणजे काही शेअर बाजार नाही.

आता जोडीची दुखणी पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूने बोलतोय. अँटेनापॉड फक्त अँड्रॉइडवर. घरात एकाकडे आयफोन असेल तर त्याला या रांगेत बसवता येत नाही. ओपॉडसिंकला वेब प्लेयर नाही, ऑफिसच्या मशीनवर ब्राउझर उघडून ऐकायचं असेल तर विसरा. सबस्क्रिप्शन आणि कुठपर्यंत ऐकलं तेवढं सिंक होतं, पण पुढे काय ऐकायचं ती रांग होत नाही, त्यामुळे फोन आणि टॅब्लेट दोन्हीवर ऐकणाऱ्याला रांग दोनदा लावायला लागते. आणखी एक, हल्ली मोठ्या शोमध्ये जाहिराती डाउनलोडच्या वेळी घुसवतात, तोच एपिसोड दोन उपकरणांवर दोन वेगवेगळ्या लांबीचा येऊ शकतो, मग सिंक सांगतं विसावं मिनिट आणि तुम्ही पडता गप्पांच्या भलत्याच ठिकाणी. ऑडिओबुकशेल्फमध्ये सगळ्यांसाठी एकच फाइल असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. हे त्याचं खरंच चांगलं आहे. मी एकाच फोनवर ऐकतो म्हणून मला ते टोचत नाही, तुम्हाला टोचू शकतं.

बॅकअपच्या बाबतीत मात्र जोडी निवांत, ओपॉडसिंकची एक एसक्यूलाइट फाइल उचलून ठेवली की काम झालं. ऑडिओबुकशेल्फमध्ये कॉन्फिग, मेटाडेटा आणि खुद्द ऑडिओ, तीन जागा सांभाळायच्या.

बाकी पर्याय आहेत. पाइनपॉड्समध्ये वेब प्लेयर आणि जीपॉडर सिंक दोन्ही एकत्र मिळतं, पण त्याला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस वेगळा लागतो, एका माणसाच्या दहा-बारा शोसाठी मला ते जड वाटलं. पॉडफेच पण साधारण त्याच वाटेचं, रस्ट भाषेत लिहिलेलं, एसक्यूलाइटवर भागतं, फाइल्स साठवून जीपॉडर सिंक पण हवं असेल तर आधी ते बघा. आणि ज्यांच्याकडे नेक्स्टक्लाउड (घरच्या सर्व्हरवरचं गूगल ड्राइव्हसारखं) आधीच चालू आहे त्यांनी ओपॉडसिंकच्या पण नादी लागू नये, त्यातच जीपॉडर सिंकचं छोटं अ‍ॅप टाकायचं, अँटेनापॉडमध्ये नेक्स्टक्लाउड असा पर्याय सरळ येतो.

एक जुगाड पण आहे. ऑडिओबुकशेल्फ आपल्याकडच्या शोची स्वतःची आरएसएस फीड काढून देतं, ती अँटेनापॉडमध्ये लावायची, म्हणजे फाइल्स घरी जपल्या जातात आणि फोनमध्ये पण आपोआप येतात. जमतं. पण फीड घरून येणार म्हणजे परत घर गाठायचं आलंच. मी हे फक्त एका बंद पडलेल्या शोसाठी ठेवलंय, ज्याचे एपिसोड आता दुसरीकडे मिळत नाहीत.

तर घरात तीन-चार ऐकणारे, त्यात एखादा आयफोनवाला, आणि पुस्तकं पण ऐकली जातात, असं असेल तर ऑडिओबुकशेल्फ टाका, पण आयफोनचं अधिकृत अ‍ॅप टेस्टफ्लाइटच्या (अ‍ॅपलची चाचणी आवृत्त्या वाटायची सोय) बीटामध्ये आहे आणि तिथे जागा मिळणं कठीण, त्यामुळे शेल्फप्लेयर किंवा प्लापा या दुसऱ्यांनी बनवलेल्या अ‍ॅपमधलं एखादं आधी लावून बघा. आमच्याकडे पुस्तकांसाठी ऑडिओबुकशेल्फ अजून चालूच आहे, बायको रोज वापरते. एकटे अँड्रॉइडवाले असाल, प्रवासात ऐकत असाल, तर माझ्या मते तरी जास्त विचार करू नका, अँटेनापॉड आणि ओपॉडसिंक.

आणि काहीही निवडलंत तरी, ओपीएमएलमध्ये फक्त शोची यादी येते, काय ऐकलं आणि कुठे थांबलात ते येत नाही. अर्धवट राहिलेले एपिसोड जुन्या अ‍ॅपमध्येच संपवून टाका आणि मग हलवा, नाहीतर नवीन ठिकाणी प्रत्येक शोचे शेकडो न ऐकलेले एपिसोड दिसतील आणि ते ऐकलेले म्हणून टिक करण्यात रविवार जाईल.