जवळच्या गोठ्यातले मटण: आठ महिने, पाच बोकड आणि एक वातड तक्रार

गेल्या आठवड्यात आमच्या पशुपालकाशी वजनकाट्यावरून शब्दाला शब्द लागला, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो. एरवी माझा आळस आणखी चार महिने सहज टिकला असता. आम्ही शेतकऱ्यांच्या वस्तीत राहतो आणि आठ महिन्यांपासून चार घरे मिळून डोळ्यांदेखत वाढलेला बोकड घेऊन त्याचे वाटे करतो. या व्यवस्थेचे फायदे वाचकांना ठाऊक असतीलच, तेव्हा थेट तक्रारीकडे वळतो.

मटण वातड निघते, ही ती तक्रार, आणि ती मी सहा महिने उगाळली. पहिल्या बोकडाचा वाटा घरी येताच मी त्याचे लहान तुकडे केले आणि तासाभरात फ्रीझरमध्ये कोंबले. पुढे जेव्हा जेव्हा ते बाहेर काढले तेव्हा भांडेभर लालसर पाणी सुटले, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी घास चघळतच राहावा लागला. जनावर जून असणार, असा आरोप मी केला. बोकडाचे सगळे दात दुधाचे होते आणि ते मला आधीच दाखवले होते, याची पशुपालकाने आठवण करून दिली आणि वर ऐकवले, "जनावर माझे, पण फ्रीझर तुमचा." तेव्हा हे उर्मटपणाचे वाटले.

आता मत बदलणे भाग आहे. जनावर कापल्यानंतरही स्नायूंतील ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या साखरेचे, काही तास लॅक्टिक आम्ल होत राहते आणि सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH; आम्ल वाढले की तो उतरतो) ७ च्या आसपासून साधारण ५.६ पर्यंत उतरतो. ही क्रिया पुरी होण्याआधीच मांस १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर स्नायू आखडतात. आणि ती पुरी होण्याआधी थेट गोठवलेच तर वितळताना ते अधिकच जोराने आखडतात आणि पाणी सोडतात. बोकडाच्या अंगावर चरबी बेताचीच, त्यात माझे लहान तुकडे, म्हणजे ते गार व्हायला कितीसा वेळ लागणार? शेवटच्या दोन खेपांना मोठे, हाडासकट तुकडे आधी काही तास १५ अंशांच्या आसपास, मग दीड दिवस फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवले आणि त्यानंतरच गोठवले. मटण मऊ शिजले, आणि सहा महिन्यांचे माझे भांडण निराधार ठरले.

अंडी देऊन थकलेल्या कोंबडीवर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे कठीणपणा वयाबरोबर घट्ट होत गेलेल्या कोलॅजेनचा, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचा, असतो. ३५ ते ४२ दिवसांत तयार होणाऱ्या ब्रॉयलरचा हिशेब तिला लावू नये, मंद आचेवर भरपूर वेळ द्यावा. इंधन जास्त जाते, हे मी नोंदवून ठेवले आहे.

औषधांबाबत मी समाधानी आहे. जंताचे किंवा प्रतिजैविकाचे औषध शेवटचे कधी दिले आणि त्यानंतर कापण्याआधी थांबायचे दिवस पुरे झाले का, हे इथे तोंडावर विचारता येते. पण जनावर ओळखीचे असले म्हणून ते निरोगी असतेच असे नाही. यकृत आणि फुफ्फुसे जाणत्या माणसाने पाहिल्याखेरीज मी वाटा घेत नाही.

राहता राहिले वजन. आम्ही पैसे जिवंत वजनावर देतो, आणि मुंडी, खूर, कातडे, आतडी वजा जाता बोकडाचे हाडासकट मटण जेमतेम निम्मे भरते. माझ्या वहीत पाच बोकडांची सरासरी ४६ टक्के आहे. एवढ्यावर माझी हरकत नव्हती. पण गेल्या खेपेला वजनाच्या आधी बोकडाने पोटभर चारा खाल्ला होता, पाणीही प्याला होता, आणि ते सारे आम्ही बोकडाच्या दराने विकत घेतले. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू आणि सकाळी वजन, असा आग्रह मी धरला. बरीच कुरकुर करून पशुपालकाने तो मान्य केला, मात्र रात्री कोणी चारा टाकला नाही याची राखण मीच गोठ्यात बसून करावी, या अटीवर. पुढचा बोकड रविवारी आहे, आणि मी सतरंजी काढून ठेवली आहे.