मोठी असेंब्ली हलकी करायची: स्पीडपॅक की सिम्प्लिफाइड कॉन्फिगरेशन?

नाशिकच्या अंबडला एसपीएम (खास एका कामासाठीची मशीन) बनवणाऱ्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात मी काम करतो. फिक्श्चर, एखाद-दुसऱ्या स्टेशनची प्रेसिंग मशीन, इथपर्यंत सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) सुरळीत चालायचं. मग सहा स्टेशनची एक लाइन हातात आली. पॅलेट कन्व्हेयर, प्रत्येक स्टेशनभोवती अॅल्युमिनियम प्रोफाइलचं गार्ड, केबल चेन, व्हॉल्व्ह बँक. फाइल उघडायला घातली की चहा पिऊन परत येईपर्यंत तिचं उघडणं चालूच असायचं, आणि वरच्या असेंब्लीत, म्हणजे सगळे भाग एकत्र जोडलेल्या मॉडेलमध्ये, एक मेट (दोन पार्टमधली जोडणी) बदलला की स्क्रीन पांढरी.

अशा वेळी पहिला विचार येतो नव्या कॉम्प्युटरचा. आम्हीही घेतला आणि फरक पडला, पण अपेक्षेएवढा नाही. रिबिल्डचं, म्हणजे बदलानंतर मॉडेल पुन्हा तयार होण्याचं, बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोरवर चालतं, त्यामुळे कोर जास्त असण्यापेक्षा एका कोरचा वेग जास्त असणं कामाला येतं. सर्व्हरवरून थेट फाइल उघडणं बंद करून ती स्वतःच्या एसएसडीवर घेतली, त्याचा मात्र लगेच गुण आला. एवढं कराच. तरीही असेंब्ली मुळात जड असेल तर प्रश्न जागेवर राहतो, आणि मग निवड स्पीडपॅक की सिम्प्लिफाइड कॉन्फिगरेशन (कॉन्फिगरेशन म्हणजे त्याच मॉडेलची वेगळी आवृत्ती), या दोन वाटांमध्ये करावी लागते.

आम्ही आधी स्पीडपॅक धरलं. सबअसेंब्लीतले हवे तेवढेच फेस आणि बॉडी निवडायच्या, बाकी सगळं नुसतं चित्र म्हणून राहतं. पहिला आठवडा मी खूश होतो. दहा मिनिटांत एक स्टेशन हलकं होत होतं. बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) मूळ कॉन्फिगरेशनचे सगळे पार्ट येतात. कर्सर जवळ नेला की न निवडलेला भाग तेवढ्या वर्तुळात गायब होतो, ते सुरुवातीला डोळ्यांना खटकतं. ऑल्ट आणि एस दाबून ते बंद करता येतं.

खरी अडचण आली जीए ड्रॉइंगला, म्हणजे मशीनच्या एकंदर मांडणीच्या ड्रॉइंगला. स्पीडपॅकमध्ये न घेतलेल्या कडा ड्रॉइंगमध्ये करड्या दिसतात आणि त्यांना डायमेन्शन देता येत नाही. कस्टमरच्या प्लँटमधल्या माणसांना हवं असतं तेच नेमकं आपण घेतलेलं नसतं: लेव्हलिंग पॅडची सेंटर, एअर इनलेट जमिनीपासून किती उंचीवर, पॅनेलचं दार उघडल्यावर किती बाहेर येतं. एकेका डायमेन्शनसाठी सबअसेंब्ली उघडायची, तो फेस स्पीडपॅकमध्ये घालायचा, सेव्ह करायचं, वर यायचं, ड्रॉइंग अपडेट व्हायची वाट बघायची. ड्रॉइंग पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मी हेच करत बसलो होतो. कस्टमरने परत पाठवताना आणखी काही मापं मागितली आणि सगळी फेरी पुन्हा. शेवटी इतके फेस आत गेले की ज्यासाठी स्पीडपॅक केलं तो हलकेपणाच उरला नाही. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

त्यात एक चूक आमचीही झाली. स्टेशन तीनवर सिलिंडरचं ब्रॅकेट सहकाऱ्याने ४० मिलिमीटर सरकवलं, मूळ कॉन्फिगरेशन बदललं, पण स्पीडपॅक अपडेट करायचं राहिलं. वरच्या असेंब्लीत ब्रॅकेट जुन्याच जागी दिसत होतं आणि त्यावरून गार्डच्या शीटचा कटआउट लेझरला गेला. शीट परत कापावी लागली. टूलला दोष देता येणार नाही, पण घाईच्या कामात अशी आठवण माणसाच्या भरवशावर ठेवू नये असं मला तेव्हापासून वाटतं.

सिम्प्लिफाइड कॉन्फिगरेशनला मेहनत पडते, हे आधीच सांगतो. प्रत्येक सबअसेंब्लीत एक वेगळं कॉन्फिगरेशन करून त्यात फास्टनर, वॉशर, आतले न दिसणारे पार्ट सप्रेस करायचे, म्हणजे त्या आवृत्तीपुरते बंद करायचे. सगळीकडे एकच नाव द्या (आमच्याकडे ‘हलकं’ आहे), म्हणजे शोधाशोध होत नाही. अख्ख्या लाइनला मला दोन पूर्ण दिवस लागले. पण जे दिसतं ते खरं असतं: काळी कड, डायमेन्शन लागतं, मेट लागतो, आणि पार्ट बदलला की इथेही बदललेला दिसतो.

सगळ्यात मोठा फायदा मात्र बॉट-आउट (बाहेरून विकत घेतलेल्या) पार्टमध्ये निघाला. परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन उघडून ग्राफिक्स ट्रँगलचे (पडद्यावर पार्ट ज्या त्रिकोणांनी काढला जातो त्यांचे) आकडे बघा. आमच्या फाइलमध्ये एका न्यूमॅटिक फिटिंगचा आकडा अख्ख्या बेस फ्रेमपेक्षा मोठा होता, कारण डाउनलोड केलेल्या मॉडेलमध्ये खरे हेलिकल आटे आणि कोरलेली अक्षरं होती. तशी फिटिंग लाइनवर शेकड्याने. एलएम गाइडमध्ये (सरळ रेषेत सरकणाऱ्या बेअरिंगमध्ये) आतले बॉलसुद्धा होते. असे मॉडेल ‘सेव्ह अॅज’ करून फक्त बाहेरच्या फेसचा एकच पार्ट केला, पार्ट नंबर त्याच्या प्रॉपर्टीत टाकला आणि लायब्ररीत जुन्याच्या जागी ठेवला. पुढच्या प्रत्येक मशीनला तो आपोआप उपयोगी पडतो.

याच्याही अडचणी आहेत. हलक्या कॉन्फिगरेशनवरून बीओएम काढली तर बोल्ट त्यात नसतात. टेबलला पूर्ण कॉन्फिगरेशन दाखवावं लागतं आणि फास्टनरचे बॅलून (पार्टचा क्रमांक दाखवणारी वर्तुळं) पूर्ण कॉन्फिगरेशनच्या वेगळ्या व्ह्यूवर द्यावे लागतात. कुणी बोल्टच्या फेसवर मेट लावला असेल तर बोल्ट सप्रेस होताच मेटही जातो. आमच्या नव्या मुलाने सेन्सरचं ब्रॅकेट अॅलन बोल्टला मेट केलं होतं, ते हलक्या कॉन्फिगरेशनमध्ये मोकळंच झालं. तेव्हापासून नियम केला: मेट प्लेटवर किंवा मुख्य प्लेनवर, फास्टनरवर नाही.

उद्या कस्टमरसमोर मशीन फिरवून दाखवायची आहे आणि हातात एकच संध्याकाळ आहे, तर स्पीडपॅक करा, मीही तेच करीन. नुसतं बघायचं, सेक्शन काढायचं, मोजायचं असेल तर सॉलिडवर्क्समधला लार्ज डिझाइन रिव्ह्यू मोड पुरतो, काहीच बनवावं लागत नाही. पण तुमच्या मशीनची ड्रॉइंग बाहेर जात असतील आणि डिझाइन शेवटच्या दिवसापर्यंत हलत असेल, म्हणजे सातपूर-अंबडमधल्या बहुतेकांचं जसं हलतं, तर सिम्प्लिफाइड कॉन्फिगरेशनसाठी ते दोन दिवस आधीच काढा, असं मी सुचवीन.

आमच्याकडे आजही एक स्पीडपॅक शिल्लक आहे. सिन्नरच्या व्हेंडरकडून तयार येणारा कन्व्हेयर. त्याचे पाय आणि वरची पट्टी एवढेच फेस घेतलेत. तो कन्व्हेयर आम्ही कधी बदलत नाही, आणि त्याला त्यापलीकडे डायमेन्शनही कुणी मागत नाही.