हप्त्यावर मोबाइल देणारं ॲप: मला पाच स्टार, मामांना अर्धा

आधीच सांगतो, मला स्वतःला या ॲपचा काहीही त्रास झाला नाही. मोबाइल घेतला, सहा हप्ते, व्याज शून्य, दोन मिनिटात अप्रूव्ह, एक पैसा जास्त गेला नाही. तेव्हाच रिव्ह्यू टाकला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

पण माझं बघून आमच्या ऑफिसातल्या हाउसकीपिंगच्या मामांनी पण मुलीच्या कॉलेजसाठी तोच मोबाइल घेतला, ॲप तेच, मॉडेल तेच, आठवडा पण तोच. आणि एक दिवस मला म्हणाले, "साहेब, जरा बघता का, हे पैसे सारखे वाढतायत." दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवले. माझ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरात शून्य टक्के. त्यांच्याकडे बारा हप्ते आणि महिन्याला दीड टक्का फ्लॅट, वर प्रोसेसिंग फी वेगळी.

दीड टक्का ऐकायला काहीच वाटत नाही ना? इथेच तर मेख आहे. फ्लॅट म्हणजे दर महिन्याला मुद्दल फिटत जातं पण व्याज मात्र शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवरच लावतात. वर्षाला १८ वाटतात, आणि घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, हिशोब लावला की तेच ३२ टक्क्यांच्या घरात जातात, तेही प्रोसेसिंग फी न धरता. ॲपमध्ये हा आकडा आहे बरं का, अगदीच नाही असं नाही, पण तिसऱ्या स्क्रीनवर खाली फिकट राखाडी अक्षरात. मला चष्मा लावून सापडला.

आता खरा वैताग. हप्ता कापायची तारीख ५. माझा पगार १ तारखेला होतो म्हणून मला ती तारीख कधी जाणवलीच नाही. मामा कंत्राटी, ठेकेदार पैसे टाकतो ७ ते १० च्या मध्ये कधीतरी. म्हणजे ५ ला खातं रिकामं, हप्ता बाउन्स, ॲपचा दंड, बँकेचा दंड वेगळा, आणि दंड ठरलेल्या रकमेचा, म्हणजे हप्ता जितका छोटा तितका तो जास्त टोचतो. वर क्रेडिट स्कोअर (कर्ज वेळेवर फेडतो का याचे गुण) पडतो, म्हणजे पुढचं कर्ज अजून महाग! माणूस पैसे बुडवत नाहीये हो, पाच दिवस उशिरा देतोय, आणि तो उशीर पण त्याचा नाही. तारीख बदला म्हणून सपोर्टला तीन वेळा लिहिलं तर तिन्ही वेळा तेच छापील उत्तर, 'खात्यात पुरेशी शिल्लक ठेवा'. शिल्लक असती तर हप्त्यावर कशाला घेतला असता?

हे काही या ॲपने शोधून काढलेलं नाही म्हणा. डेव्हिड कॅप्लोविट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच न्यूयॉर्कच्या गरीब कुटुंबांबद्दल हेच लिहून ठेवलंय, की उधारीवर फर्निचर, टीव्ही घेताना त्यांनाच जास्त मोजावं लागतं. आता त्याला पॉव्हर्टी प्रीमियम म्हणतात, म्हणजे गरीब असल्याची जादा किंमत. तेव्हा निदान दुकानदार समोर असायचा, भांडता तरी यायचं. इथे कोणाशी भांडणार.

कोणी म्हणेल रिस्क जास्त म्हणून दर जास्त. ठीक आहे, मान्य. पण पगाराची तारीख ॲप स्वतःच मेसेज वाचून ओळखतं (परवानगी घेतलीच आहे), मग हप्ता १२ तारखेला कापायला काय जातं? काही जात नाही, उलट दंडाचं उत्पन्न बंद होईल.

घ्यायचंच असेल तर हप्त्याची बेरीज करून रोखीच्या किमतीशी ताडून बघा, आणि पगार उशिरा होत असेल तर पगार आला की पुढचा हप्ता ॲपमधून आपल्या हाताने आधीच भरता येतो, ते बटण 'इतर' मध्ये लपवलंय. मामांना ते पाचव्या हप्त्याला सापडलं, म्हणजे मीच शोधून दिलं. अजून सात बाकी आहेत.