भिंतीवरचं चित्र सुरेख, खालचा थर खोटा

जुळे सोलापुरातल्या एका घरात हॉलच्या भिंतीवर सिद्धेश्वर यात्रेचं चित्र काढून घेतलं होतं. भिंत १२ फूट रुंद, ९ फूट उंच. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, मागे तलाव. चित्रकाराचा हात खरंच चांगला होता, रेषेत खोट काढायला जागा नव्हती. संक्रांतीच्या आत काम संपलं आणि राहिलेले पैसे त्याच दिवशी चुकते झाले. श्रावणात खालच्या दीड फुटाचे पोपडे सुटले. पुढची यात्रा येईपर्यंत बाराबंद्या हळद लागल्यासारख्या पिवळ्या पडल्या.

दर मालासकट ठरला होता. फसवणुकीला दार तिथेच उघडतं, कारण मालासकट म्हटलं की कोणता माल आणि किती, हे कुणी लिहून घेत नाही. त्या भिंतीच्या बिलात पुट्टी ४० किलो लावली होती. १०८ चौरस फुटांना पुट्टीच्या दोन हातांसाठी ८ ते १० किलो पुरते. प्रायमरच्या एका हाताला साधारण १ लिटर आणि चित्राखालच्या पांढऱ्या इमल्शनच्या दोन हातांना २ लिटर. हा हिशोब माहीत असता तर बिल वाचतानाच शंका आली असती.

भिंत खरवडली तेव्हा खरा प्रकार दिसला. पुट्टीचा पत्रा कडेला सरकवला की तळहाताएवढा पापुद्रा अलगद निघत होता आणि त्याच्या पाठीला पांढरी भुकटी चिकटलेली होती. ती जुन्या डिस्टेंपरची, म्हणजे स्वस्तातल्या भुकटी सुटणाऱ्या रंगाची. तो न खरवडता, प्रायमर न मारता, वर पुट्टीचा एकच पातळ हात ओढून चित्र काढलं होतं. म्हणजे रंगाने भिंत धरलीच नव्हती, भुकटी धरली होती. जुना डिस्टेंपर खरवडून, धुऊन, भिंत पूर्ण वाळल्यावर प्रायमर, मग पुट्टी, १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, मग इमल्शन, हा क्रम आहे. यात चार-पाच दिवस जातात. ‘उद्यापासून चित्र सुरू करतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

त्यातच त्या भिंतीमागे बाथरूम होतं. अशा भिंतीवर आधी दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवायचा. आतून थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे. आधी गळती बंद करायची, नाहीतर लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, रंगाला आतून ढकलतोच. ही चाचणी फुकटात होते आणि नेमकी तीच टाळली जाते.

रंगातली लबाडी ओळखणं जास्त कठीण. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात सुटा डिस्टेंपर ओततात आणि गडद छटेसाठी स्टेनरच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवतात. स्टेनरमध्ये रंगद्रव्य असतं, पण ते भिंतीला धरून ठेवणारा चिकट घटक जवळजवळ नसतो. प्रमाण वाढलं की रंग बसत नाही. कोपऱ्यात वीतभर जागा रंगवून घ्या, दोन दिवस वाळू द्या आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा-बारा वेळा पुसा. फडकं भरून रंग आला तर काम तिथेच थांबवा. पांढरं पिवळं पडण्याचं कारण वेगळं, वरून स्वस्त तेलाचं व्हार्निश मारलेलं असतं. त्याऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक अक्रेलिक व्हार्निशचे दोन हात हवेत.

काही जण तर छापील स्टिकर चिकटवून त्यावर कुंचल्याचे चार फटकारे मारतात आणि हाताने काढलेल्या चित्राचे पैसे घेतात. मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेला की छपाईचे ठिपके दिसतात. मोजमापातही खिडकी वजा करत नाहीत. ४ बाय ४ ची खिडकी म्हणजे १६ चौरस फूट. टेप स्वतः धरा.

सगळ्यात बरं म्हणजे माल आपण पक्क्या बिलावर आणावा, सील आपल्यासमोर फोडावं आणि चित्रकाराला फक्त मजुरी द्यावी. त्याच्या कलेचे पैसे कापू नका, चांगला हात महागच असतो. पण उचल थोडी द्या. पुट्टी-प्रायमर झाल्यावर एक हप्ता, रेखाटन झाल्यावर दुसरा, आणि शेवटचा हप्ता व्हार्निश वाळून फडक्याची परीक्षा झाल्यावर.

फसवणूक झालीच असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. भिंत खरवडून नव्याने रंग देण्याआधी पोपड्यांचे तारखेसह फोटो घ्या, दोन-तीन पापुद्रे पिशवीत जपून ठेवा, आणि रिकामे डबे भंगारवाल्याला देऊ नका.